कॉर्सेट, छत्री आणि खून : व्हिक्टोरियन काळातल्या आगाऊ नायिका

दुपारची_झोप

गेलं वर्षभर माझ्या किंडलवर एकाच जातकुळीची पुस्तकं साठत चालली आहेत. काळ राणी व्हिक्टोरियाचा, शहर बहुतेक वेळा लंडन, बाहेर धुकं आणि घोडागाड्या. नायिका पंचविशी-तिशीची, लग्नाचं नाव काढलं की उठून जाणारी आणि कुठल्यातरी भलत्याच विषयात पारंगत. एकीला फुलपाखरं, दुसरीला पिरॅमिड, तिसरीला जमाखर्चाच्या वह्या. तिसाव्या पानाच्या आत एक प्रेत पडतं. इन्स्पेक्टर म्हणतो, बाईसाहेब, तुम्ही घरी जा. बाईसाहेब जात नाहीत.

मला हा मसाला आवडतो, आधीच सांगून टाकते. पण इतकी सलग वाचल्यावर डोक्यात आपोआप दोन ढीग पडायला लागले. पहिल्या ढिगातल्या नायिका म्हणजे आजचीच मुलगी फॅन्सी ड्रेस स्पर्धेसाठी कॉर्सेट (कंबर आवळून बांधायची चोळी) घालून उभी केलेली. ती रात्री एकटी फिरते, वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलते, शवागारात घुसते आणि जास्तीत जास्त काय होतं, तर एखादी खाष्ट आत्या नाक मुरडते. तिचं बंड फुकट असतं.

दुसऱ्या ढिगात बंडाचं बिल येतं. माझं आवडतं उदाहरण फिलिप पुलमनची सॅली लॉकहार्ट. पहिलं पुस्तक, 'द रुबी इन द स्मोक' (१९८५), तसं साहसकथेच्या अंगाने जातं. १८७२ सालचं लंडन, सोळा वर्षांची पोरकी सॅली. तिला पियानो-भरतकाम येत नाही, पण हिशेब येतो आणि पिस्तूल चालवता येतं. खरी कमाल तिसऱ्या पुस्तकात, 'द टायगर इन द वेल'मध्ये आहे. (ज्यांना मालिका वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा.) साल १८८१. सॅली आता स्वतःच्या पायावर उभी आहे, गुंतवणुकीचे सल्ले देते, एका लहान मुलीची आई आहे आणि अविवाहित आहे. एका सकाळी तिच्या हातात घटस्फोटाच्या खटल्याचे कागद पडतात. ज्याला तिने जन्मात पाहिलेलं नाही असा एक माणूस म्हणतोय, ही माझी बायको आणि ही माझी मुलगी. चर्चच्या नोंदवहीत लग्नाची नोंदही आहे. एकदा ती नोंद खरी धरली की तिचे पैसे, तिचं घर, तिचं मूल, सगळं त्याचं. इथे खलनायकाला सुरा काढावाच लागत नाही. कायदाच त्याच्या बाजूने आहे.

हे वाचल्यापासून पहिल्या ढिगातली पुस्तकं घशाखाली उतरेनात. तुमच्या वाचनात दुसऱ्या ढिगातल्या कोण कोण आहेत? आणि पहिल्या ढिगाची बाजू कोणाला घ्यायची असेल तर तीही घ्या, भांडायला मजा येईल.

---

कोकणी_फणस

वाखुसा (वाचनखूण साठवली). यातलं एकही वाचलेलं नाही, पण सुताराच्या दुकानात लहान पोर बसावं तसा बसून ऐकतो. सुरुवात कुठून करू तेवढं कोणीतरी सांगा.

---

पानवेल

अमेलिया पीबॉडीपासून कर, फणसा. डोळे मिटून.

'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक', १९७५. आज जो काही हा प्रकार बोकाळलाय त्याची ही आजी. वडील वारतात, इस्टेट अमेलियाच्या नावावर होते आणि इतकी वर्षं ढुंकूनही न पाहणारे नवरे अचानक रांगेत उभे राहतात. बाई सगळ्यांना वाटेला लावतात आणि इजिप्तला निघतात. हातात छत्री, नंतरच्या पुस्तकांत कमरेला एक पट्टा. त्या पट्ट्याला काडेपेटी, मेणबत्ती, सुरी, सुईदोरा, ब्रँडीची कुपी असं कायकाय लटकलेलं, त्यामुळे बाई चालायला लागल्या की खुळखुळाट लांबून ऐकू येतो. नवऱ्याला (हो, नवरा मिळतो, पण तिच्या अटींवर) तो पट्टा म्हणजे डोकेदुखी, आणि संकटात कामी मात्र तोच पट्टा येतो.

लेखिकेचं नाव पुस्तकावर एलिझाबेथ पीटर्स आहे, पण खरं नाव बार्बरा मर्ट्झ. ती स्वतः इजिप्तविद्येची डॉक्टर होती, शिकागो विद्यापीठातून १९५२ साली पीएच.डी. झालेली. तिच्या पिढीच्या बाईला त्या क्षेत्रात नोकरी मिळणं मुश्किल. म्हणून झोपताना मला नेहमी वाटतं, ही सगळी मालिका म्हणजे तिला न मिळालेलं उत्खनन आहे. थडग्यात शिरतानाची धूळ, मजुरांची हजेरी, मातीचं एकेक खापर नोंदवण्यावरून नवरा-बायकोत होणारी भांडणं, हे बाहेरून पाहणाऱ्याला इतकं लिहिता येत नाही.

आणि झोपताई, तुझ्या दोन ढिगांत अमेलिया बसत नाही. तिच्या बंडाला बिल येत नाही हे खरं, कारण तिच्याकडे पैसा आहे. पण ते लेखिकेला पक्कं ठाऊक आहे आणि अमेलियालाही. गरीब बाईला हे परवडलं नसतं, याची जाणीव पहिल्याच पुस्तकात तिची सोबतीण एव्हलिन हिच्या रूपाने समोर उभी आहे.

---

टेम्सकाठी

पानवेल, +१. थोडी भर घालतो. अमेलिया हे नाव उगाच आलेलं नाही. अमेलिया एडवर्ड्स नावाची खरीखुरी कादंबरीकार १८७३-७४ च्या हिवाळ्यात नाईलवरून होडीने वर गेली आणि येताना इजिप्तचं वेड घेऊन आली. 'अ थाउजंड माइल्स अप द नाईल' हे तिचं पुस्तक १८७७ चं. देवळांची लूटमार आणि नासधूस पाहून ती इतकी अस्वस्थ झाली, की १८८२ साली इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड उभा करण्यात तिने पुढाकार घेतला. कादंबऱ्या जवळजवळ सोडूनच दिल्या.

१८९२ साली ती गेली तेव्हा तिने आपला संग्रह, ग्रंथ आणि इजिप्तविद्येच्या अध्यासनासाठी पैसा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजला नाही, कारण ते बायकांना तेव्हा पदवी देत नव्हते आणि युनिव्हर्सिटी कॉलेज देत होतं. पहिला प्राध्यापक झाला फ्लिंडर्स पेट्री. एमर्सनचं, म्हणजे पीबॉडीच्या त्या आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्याचं, उत्खननाचं तंत्र बरंचसं पेट्रीचं आहे.

ब्लूम्सबरीत पेट्री संग्रहालय आहे, ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाण्यासारखं. लोक तिकडे ममी बघायला रांगा लावतात आणि इकडे दुपारी चिटपाखरू नसतं. काचेच्या कपाटांत मण्यांच्या माळा, खापरं, वजनं दाटीने मांडलेली. लंडनला आलात तर जरूर जा.

---

खडूस_आजी

पीबॉडी मलाही आवडते, पण इतकं लाडात येऊ नका. १८८२ साली इंग्रजांनी इजिप्त ताब्यात घेतला आणि ही बाई १८८४ साली तिथे पोचते. सगळ्या मालिकेत ती इजिप्शियन लोकांना औषधं देते, अंघोळी घालायला लावते आणि गाढवांनासुद्धा धुते. मुकादम अब्दुल्ला हा मालिकेतला सर्वांत शहाणा माणूस, पण त्याची बुद्धी कायम साहेब-मॅडमच्या सेवेत. लेखिका अमेलियाच्या आगाऊपणाची टिंगल करते हे कबूल, पुढच्या पुस्तकांत सूर बदलतो हेही कबूल. तरी आपण, ज्यांच्या पणज्यांना अशाच मडमा शिकवायला आल्या होत्या, ते जरा डोळे उघडे ठेवून वाचू या की.

बाईचं स्वातंत्र्य साम्राज्याच्या खर्चाने येतं, हा हिशेब या कादंबऱ्यांत क्वचितच मांडला जातो. फुलपाखरांवाली व्हेरॉनिका स्पीडवेल घ्या, डिआना रेबॉर्नची. तिचा नियम काय, तर प्रेमप्रकरणं फक्त परदेशात करायची, इंग्लंडात इंग्रज पुरुषाशी नाही. ऐकायला फार खट्याळ वाटतं. पण परदेश म्हणजे कुठे आणि ती तिथे इतकी बिनधास्त कशी फिरते, तर अर्थात पासपोर्टापेक्षा भारी असलेल्या गोऱ्या कातडीवर.

---

दुपारची_झोप

आजी, हा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला. पण व्हेरॉनिकाचं 'अ क्युरियस बिगिनिंग' वाचताना मी गालातल्या गालात हसत होते हेही खरं. १८८७, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाल्याचा जल्लोष, आणि बाई मावशीच्या अंत्यविधीहून थेट साहसावर. टोपीची पिन हे हत्यार म्हणून वापरणं तर मला फारच पटलं. गर्दीच्या लोकलमध्ये आपल्या आयांनी पदराची सेफ्टी पिन त्याच कामाला वापरली आहे.

---

अर्धा_कप

भांडायचं म्हणालीस म्हणून आलो.

माझी तक्रार बंडाच्या बिलाबद्दल नाही, कॅलेंडरबद्दल आहे. या कादंबऱ्यांच्या लेखकांना कोणीतरी सालावळी करून द्यायला हवी. १८८५ साली नायिका चहाच्या कपावर पावडर टाकून बोटांचे ठसे उचलते आणि यार्डाचा इन्स्पेक्टर "अरे वा" म्हणतो. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग सुरू झाला १९०१ मध्ये. त्याच्या आधी १८९७ ला कलकत्त्यात झाला होता, आणि ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्रीचं नाव लागलं त्याचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी फौजदारांनी केलं होतं. ब्रिटनमध्ये ठशावरून खुनाचा पहिला गुन्हा शाबीत झाला तो १९०५ साली. १८८० मध्ये हेन्री फॉल्ड्सने 'नेचर'मध्ये पत्र लिहून ही कल्पना मांडली होती, तेव्हा नायिकेने ते पत्र वाचलं असेल आणि यार्डातले लोक तिला हसले असतील, असं दाखवलं तर मी टाळ्या वाजवेन. तसं कोणी करत नाही.

दुसरं, प्रत्येकीला १८८८ मध्ये बायकांचे खून पाडणारा जॅक द रिपर भेटलाच पाहिजे का? त्या शरद ऋतूत व्हाइटचॅपलमध्ये एवढ्या नायिका फिरत असत्या तर त्याला बाहेर पडायला जागा मिळाली नसती.

तिसरं, क्रिनोलिन. झग्याखालचा तो पिंजऱ्यासारखा घेर १८५० नंतरच्या दशकातला. सत्तरीपर्यंत तो जाऊन मागे उशी बांधायची बसल आली होती. मुखपृष्ठावर मात्र कायम घेर.

(हलके घ्या, मीही ही पुस्तकं रांगेत उभं राहून वाचतो.)

---

पानवेल

क्रिनोलिन म्हटल्यावर राहवत नाही. १८६४ साली, म्हणजे शेरलॉक होम्सच्या तेवीस वर्षं आधी, लंडनमध्ये बाई गुप्तहेरांची दोन पुस्तकं आली होती. त्यांपैकी 'रेव्हलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह'मधली मिसेस पॅश्कल एका उमराव बाईच्या मागावर असते. जमिनीतलं एक चोरदार, खाली अंधारात शिडी. क्रिनोलिन घालून त्या भोकातून उतरणं अशक्य. बाई क्षणभरही विचार करत नाहीत, क्रिनोलिन तिथेच उतरवून टाकतात आणि खाली जातात.

हे कोणा आजच्या लेखिकेने नाही लिहिलं, व्हिक्टोरियाच्या राज्यात लिहिलंय. त्यामुळे "तेव्हाच्या बायका अशा नव्हत्याच" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. प्रत्यक्षात मात्र लंडन पोलिसात बाई अधिकारी यायला १९१९ उजाडलं. कादंबरी पंचावन्न वर्षं पुढे होती.

---

चिंचेचं_बोट

दुसऱ्या ढिगासाठी माझं मत शार्लट होम्सला. शेरी थॉमसची लेडी शेरलॉक मालिका, पहिलं पुस्तक 'अ स्टडी इन स्कार्लेट विमेन' (२०१६). लेखिका जन्माने चिनी, इंग्रजी तिची दुसरी भाषा, आणि लिहिते अशी की इंग्रजांनी तोंडात बोट घालावं.

शार्लट गुबगुबीत, कुरळ्या केसांची, झालरींचे फ्रॉक आवडणारी. बघणाऱ्याला वाटावं बाहुली. डोकं मात्र यंत्रासारखं. वडिलांनी शब्द दिलेला असतो की अमुक वयापर्यंत लग्न नाही केलंस तर मुख्याध्यापिका होण्याच्या शिक्षणाचा खर्च मी करीन. वेळ आल्यावर ते शब्द फिरवतात. मग ती थंड डोक्याने हिशेब करून स्वतःची अब्रू स्वतःच घालवते, म्हणजे लग्नाचा प्रश्नच मिटेल. बेत फसतो, बोभाटा होतो आणि ती घर सोडते.

पुढची काही प्रकरणं मला या सगळ्या साहित्यात सर्वांत खरी वाटली. लंडनमध्ये एकटी, शिफारसपत्र नाही, नाव बदनाम, पर्समधली नाणी मोजतेय. खानावळीच्या खोलीचं भाडं किती, टपाल तिकिटाला किती, आणि केक खायचा की नाही. शार्लटला केक म्हणजे जीव की प्राण. हनुवटीखाली किती वळ्या पडेपर्यंत खायचं याचं तिचं स्वतःचं माप आहे. तीच मुलगी दुकानाच्या काचेपुढून पुढे निघून जाते. खून, विष, संकेतलिपी सगळं नंतर. आधी भूक.

शेरलॉक होम्स हे नाव ती घेते ते यामुळेच. बाईच्या बुद्धीला कोणी पैसे देत नाही, आजारी भावाच्या नावाने दिलेल्या सल्ल्याला देतात.

---

कोकणी_फणस

हे मागवलं. केकमुळे.

---

सनद_आणि_चहा

पेशाने वकील आहे, त्यामुळे झोपताईंच्या सॅलीच्या उदाहरणावर लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कादंबरीचं साल १८८१ का, हे बघा. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा मोठा कायदा झाला १८८२ साली आणि अमलात आला १ जानेवारी १८८३ पासून. त्याआधी, माहेरच्यांनी विश्वस्त वगैरे नेमून वेगळी तजवीज केली नसेल तर बायकोची बहुतेक जंगम मिळकत नवऱ्याची. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तेवढी तिच्याकडे ठेवली होती, पण त्याला भोकं भरपूर. पुलमनने खलनायकाला बरोबर शेवटच्या संधीला आणलंय. उलट पीबॉडीबाईंचं लग्न १८८३ नंतरचं, त्यामुळे त्यांची इस्टेट त्यांचीच राहिली. एमर्सनवर त्या इतक्या बिनधास्त डाफरतात त्याच्यामागे हा कायदा आहे असं मी म्हणेन.

आता कादंबरीपेक्षा अचाट बाई सांगतो. जॉर्जिना वेल्डन. गाणारी होती, चार्ल्स डिकन्सच्या जुन्या घरात, टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये राहायची, अनाथ मुलांना गाणं शिकवायची. नवरा वेगळा राहत होता आणि पैसे देऊन कंटाळला होता. १८७८ साली त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा घाट घातला. तेव्हा त्याला लागायचं काय? नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले. डॉक्टर खोटी नावं सांगून घरी आले, गप्पा मारून गेले आणि दाखले झाले. न्यायला माणसं आली तेव्हा बाई पायात सपाता घालून पळाली. आदेशाची मुदत सात दिवसांची होती. ती संपेपर्यंत लपून बसली आणि मग बाहेर आली.

पण दावा लावता येईना, कारण विवाहित बाई स्वतःच्या नावाने असा दावा लावू शकत नव्हती. १८८३ उजाडलं, नवा कायदा लागू झाला आणि बाईंनी धडाका लावला. नवरा, डॉक्टर, वर्तमानपत्रं, सगळ्यांवर दावे. एका वेळी डझनाहून जास्त. वकील कोण, तर त्या स्वतः. बदनामीच्या प्रकरणात तुरुंगातही जाऊन आल्या. पिअर्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला.

आणि आता जो भाग सांगण्यासाठी एवढं लिहिलं तो. वेल्डनबाईंनी नवऱ्यावर "मला नांदवा" असाही दावा लावून जिंकला होता. नवरा हुकूम पाळेना. हुकूम मोडला की शिक्षा तुरुंग. एका प्रतिष्ठित गृहस्थाला बायकोला नांदवत नाही म्हणून तुरुंगात जावं लागणार, हे दिसल्यावर पार्लमेंटने १८८४ साली घाईने कायदा बदलला आणि नांदायला नकार दिल्याबद्दलचा तुरुंगवास इंग्लंडातून गेला.

हिंदुस्थानातल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र तो तसाच राहिला. तीन वर्षांनी, मार्च १८८७ मध्ये, मुंबई हायकोर्टात न्या. फॅरन यांनी रखमाबाईला सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकलेली मुलगी. ती म्हणाली, तुरुंग चालेल. आधी १८८५ साली न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला होता. त्यांचं म्हणणं असं, की हा दावाच इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात तो नाही, आणि जी कधी नांदलीच नाही तिला पुन्हा नांदवायचं कसं? अपिलात तो टिकला नाही.

म्हणजे ज्या कलमाखाली मुंबईची एक मुलगी तुरुंगाच्या दारात उभी राहिली, ते कलम लंडनमध्ये एका साहेबाला वाचवण्यासाठी आधीच काढून टाकलं होतं. कुठली कादंबरी याच्यापुढे टिकते सांगा.

---

दुपारची_झोप

काका, साष्टांग नमस्कार. रखमाबाईचा खटला शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचला होता, त्याला साबणाच्या जाहिरातीतली बाई अशी जोडलेली आहे हे कोणीच सांगितलं नाही.

---

बिनबुडाचा_तांब्या

रखमाबाईंच्या विरोधात केसरीने काय लिहिलं होतं तेही येऊ द्या इथे. नेहमी अर्धवट गोष्ट सांगतात.

---

खडूस_आजी

तांब्या, तो धागा दरवर्षी निघतो आणि दरवर्षी कुलूप लागतं. इथे नको. टिळकांनी विरोध केला होता हे सगळ्यांना माहीत आहे, बस्स. मला त्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. १८८८ ला दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने हक्क सोडला. १८८९ ला ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली, १८९४ ला डॉक्टर होऊन परत आली, आणि आयुष्यभर सुरत-राजकोटला बाळंतपणं केली. खटला चालू असताना टाइम्स ऑफ इंडियात "एक हिंदू स्त्री" म्हणून पत्रं लिहिणारी हीच, हे लोकांना नंतर कळलं. टोपणनाव, खटला, तुरुंगाची धमकी, समुद्रप्रवास. रहस्यकथेचा सगळा ऐवज आहे, फक्त प्रेत नाही.

---

टेम्सकाठी

त्याच वर्षी, १८८९ ला, आणखी एक आपल्याकडची इंग्लंडला आली होती. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. नंबर असा की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण मुलगी म्हणून नाकारली. मग काही इंग्रज हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होती. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये शिकली, १८९२ साली कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी पहिली बाई ठरली. पदवी हातात पडायला मात्र १९२० नंतरचा काळ यावा लागला, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हतं.

परत येऊन तिने काम काय केलं, तर पडद्यातल्या विधवा राण्या आणि जमीनदारणींची वकिली. पुरुष वकिलाला आत जाता येत नाही, बायकांना बाहेर येता येत नाही, मधल्या मध्ये कारभारी इस्टेट खातोय. तिच्या आठवणींत एका हत्तीची बाजू मांडल्याचा किस्सा आहे. हत्तीच्या उत्पन्नाची जमीन राजाने काढून घेतली होती, न्यायाधीश राजाच, आणि त्याने निकाल तिच्या बाजूने दिला तो त्याच्या कुत्र्याला ही बाई आवडली म्हणून!

सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री हिच्यावरूनच सुचली आहे. 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८.

---

चिंचेचं_बोट

परवीन मिस्त्री १९२१ सालची आहे, व्हिक्टोरिया जाऊन वीस वर्षं झाली होती. पण झोपताईच्या दुसऱ्या ढिगात पहिल्या नंबरवर. मलबार हिलच्या बंगल्यात गोषात राहणाऱ्या तीन विधवा, त्यांच्या सह्यांचे संशयास्पद कागद आणि त्यांच्यापर्यंत पोचू शकणारी शहरातली एकमेव वकील. एक जागा अंगावर येते. परवीनचं स्वतःचं लग्न मोडलेलं आहे, सासरचा छळ सोसून ती माहेरी आली आहे, पण १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात तिला घटस्फोट मिळेल असं कारणच बसत नाही. दुसऱ्यांचे कायदे सोडवणारी बाई स्वतः कायद्यात अडकलेली. एवढ्यासाठी तरी वाचा.

---

खडूस_आजी

आणि कॉर्नेलियाबाईंची पूजा बांधण्याआधी हेही लिहून ठेवते, की बाई कट्टर राजनिष्ठ होत्या, गांधींच्या चळवळीच्या विरोधात होत्या. त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. मला अशीच नायिका हवी आहे कादंबरीत, जिचं सगळंच आपल्याला पटत नाही. या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या नायिका फार गुणी असतात हो. १८८० सालची बाई, आणि तिला नोकरांबद्दल, काळ्या माणसांबद्दल, गरिबांबद्दल एकही पूर्वग्रह नाही? एकाही प्रकरणात नाही?

---

अर्धा_कप

आजी, याच्यावर सही करतो. ठसे परवडले.

---

रविवार_सकाळ

मुलगी बारा वर्षांची आहे, शेरलॉकच्या धाकट्या बहिणीचा, एनोला होम्सचा नेटफ्लिक्सवरचा सिनेमा पाहून वेडी झालीय. पुस्तकं देऊ का?

---

पानवेल

दे, बिनधास्त दे. नॅन्सी स्प्रिंगरची पुस्तकं सिनेमापेक्षा उदास आहेत, पण चांगल्या अर्थाने. आई सोडून गेलीय हे दुःख त्यात विनोदाखाली झाकलेलं नाही. आणि कॉर्सेटचा उपयोग भारी आहे. एनोला तो आवळून घेत नाही, त्यात खंजीर आणि पैसे लपवते. घट्ट बांधून घ्यायच्या वस्तूचं चिलखत करून टाकते पोरगी. मग दोन-तीन वर्षांनी सॅली लॉकहार्ट दे. तिसरं पुस्तक मात्र तू आधी वाच.

---

सनद_आणि_चहा

जुन्यांपैकी मी या आठवड्यात कॅथरीन लुइसा पर्किसची लव्हडे ब्रुक वाचून काढली. पुस्तक १८९४ चं, प्रताधिकार संपलेला, त्यामुळे फुकट मिळतं. तिशी ओलांडलेली, दिसायला अशी की लक्षात राहू नये, आणि फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका खासगी एजन्सीत पगारावर काम करणारी. छंद नाही, सूड नाही, नवऱ्याचं नाव निर्दोष करायचं नाही. पोट भरायला डिटेक्टिव्ह झाली. शेवटच्या गोष्टीपर्यंत तिचं लग्न लावून देत नाहीत. आजच्या कादंबऱ्यांत हे धाडस कमीच दिसतं, तिसऱ्या भागात देखणा सहकारी येतोच.

---

पानवेल

काका, तुमच्या त्या मोठ्या प्रतिसादापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. मुंबई, १८८७. रखमाबाईचा खटला चालू, शहरभर तोच विषय. मराठीत इथे घडणारी, बाई शोध लावणारी कादंबरी का नसावी? अडचण एकच, फिरणार कोण? सोवळ्यातली विधवा घराबाहेर पडू शकत नाही, शाळामास्तरणीला ठरावीक रस्ता.

---

टेम्सकाठी

नर्स घे. कामा हॉस्पिटल १८८६ ला उघडलं आणि तिथे मुख्य डॉक्टर होत्या एडिथ पीची, एडिंबराच्या मेडिकल कॉलेजात बायकांना प्रवेश मिळावा म्हणून लढलेल्यांपैकी एक. त्या रखमाबाईच्या बाजूने उभ्याही राहिल्या होत्या. त्यांच्या हाताखालची एक मराठी नर्स. बाळंतपणाला कुठल्याही घरात शिरणार, गिरगावातल्या चाळीत आणि वाळकेश्वरच्या बंगल्यातही. कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोणी काय खाऊन पडलंय, हे पोलिसांआधी तिला कळणार. आणि तिचा शब्द कोर्टात कोणी धरणार नाही.

---

खडूस_आजी

जात काय तिची? हे ठरवल्याशिवाय पहिलं पान लिहू नका. १८८७ च्या मुंबईत कुठल्या घरात कुठल्या दारातून आत घेतात, पाणी कुठून देतात, हे त्याच्यावर आहे. तिथेच तुमचं ते बिल येईल.

---

पानवेल

मलाही तेच वाटत होतं, आजी. आई दाई होती, मुलगी मिशनच्या शाळेत शिकली, ख्रिस्ती झाली नाही म्हणून मिशन नाराज आणि शिकली म्हणून भावकी नाराज, अशी काहीतरी घेते. घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून होत्या, त्यामुळे फिरण्याची सोय झाली. पहिलं प्रकरण दिवाळीआधी वेगळा धागा काढून टाकते. प्रेत क्रॉफर्ड मार्केटात सापडावं की वाळकेश्वरला, तेवढं ठरत नाहीये.

---

कोकणी_फणस

मार्केटात. माशांच्या बाजूला. सकाळपर्यंत कोणाला वास यायचा नाही.